तेरा दिवसांची जाहिरात

हार्लन फॉल्स, आयोवा
२४ एप्रिल

प्रिय ट्रूडी,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून नेहमीसारखं पत्रच लिहिते. मी निवडणुकीला उभी राहिले आहे. हसून झालं की पुढे वाच.

काँग्रेसची, म्हणजे वॉशिंग्टनच्या संसदेची जागा आहे. नोव्हेंबरातली खरी निवडणूक दूर आहे. त्याआधी सात जूनला आमच्या पक्षाची प्रायमरी आहे, म्हणजे पक्षातर्फे कोण लढणार ते पक्षाचेच मतदार ठरवणार. माझ्यासमोर टॉड मेरिफिल्ड आहे. वकील, अडतिशीतला, दात पांढरेशुभ्र. पोरगा वाईट नाही. गेल्या आठवड्यात अग्निशमन केंद्राच्या नाश्त्याला भेटला, तेव्हा त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली.

त्रेसष्टाव्या वर्षी हे कुठून सुचलं, असं तू विचारशील. जानेवारीत मी आमच्या जुन्या वृद्धाश्रमात एका ओळखीच्या बाईंना भेटायला गेले होते. पुरात तुझे बाबा गेले तेव्हा ते जिथे राहत होते आणि मी मुख्य नर्स होते, तोच हा आश्रम. तेव्हा तो काउंटीचा, म्हणजे सरकारी होता, आता क्विलहिल नावाच्या कंपनीने विकत घेतलाय. भिंतींना नवा रंग आहे, दारात कुंड्या आहेत आणि तीस म्हाताऱ्यांमागे एक मुलगी आहे. एकच. ती एका खोलीत कुणाला आंघोळ घालत असली की बाकीच्यांनी आपापलं दुखणं धरून थांबायचं. मी घरी आले आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या एकटीच शिव्या देत राहिले. मग म्हटलं, शिव्या देऊन काय होणार?

माझं मागणं एकच आहे: किती माणसांमागे किती नर्सेस, हे कायद्याने ठरवा. मी दारोदार हेच सांगते. लोक आत बोलावतात, रूबार्बची गोड पेस्ट्री खाऊ घालतात आणि आपल्या आईचं काय झालं ते सांगतात. ट्रूडी, मी जिंकेन असं वाटायला लागलंय. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तुझी,
व्हर्ना

---

मॅग्डालेना, न्यू मेक्सिको
८ मे

प्रिय व्हर्ना,

मी हसले नाही. वाचनालयाच्या टेबलावर तुझं पत्र वाचलं आणि मोठ्याने ‘शाब्बास’ म्हणाले, तेव्हा वर्तमानपत्र वाचणारे दोन म्हातारे माझ्याकडे बघायला लागले.

बाबा असते तर त्यांनी तुझ्यासाठी गावातला एकेक पियानो फुकट जुळवून दिला असता, आणि मग त्या घरात कॉफी पीत बसून तुझा प्रचार केला असता. मी त्यांच्यापासून इतकी लांब राहिले, शेवटची सहा वर्षं तर धड बोललेही नाही. तरी ते एकटे गेले नाहीत, त्यांचा हात तुझ्या हातात होता, एवढं मला पुरतं. हे मी तुला चौदा वर्षांत बहुतेक चौदाशे वेळा लिहिलं असेल.

योगायोग बघ. गेल्याच आठवड्यात केल्सी नावाच्या एका मुलीचा फोन आला होता. फार गोड बोलणारी. पुरात गेलेल्यांच्या आठवणी कुणीतरी गोळा करतंय म्हणाली. मी तिच्याशी तासभर बोलले. बाबांचा तो चर्चमधला फोटो पाठवला, पियानोत डोकं घालून वर बघून हसतायत तो. वापरायला परवानगी म्हणून एका कागदावर सही पण दिली. निदान कुणीतरी त्यांना विसरलं नाही.

जिंकल्यावर वॉशिंग्टनला जाण्याआधी इकडे ये. हिरव्या मिरचीचा रस्सा खाऊन रडायला लावते तुला.

तुझी,
ट्रूडी

---

हार्लन फॉल्स
२१ मे

प्रिय ट्रूडी,

तुझं पत्र मिळालं तेव्हा उशीर झाला होता, पण त्यात तुझा काही दोष नाही. हे आधी वाच आणि मगच पुढे जा.

परवापासून टीव्हीवर एक जाहिरात सुरू झाली आहे. सकाळच्या हवामानाच्या बातम्यांना, दुपारच्या मालिकांना, संध्याकाळच्या बेसबॉलला, सगळीकडे तीच. पुराचं पाणी, आश्रमातल्या माणसांना हलवलं होतं तशी एक रिकामी बस, आणि मग तुझ्या बाबांचा चेहरा. तोच फोटो. पियानो कापून टाकलाय, रंग काढून राखाडी केलाय. हसणारा माणूस श्वासासाठी तडफडतोय असं वाटतं. त्यावर एका पुरुषाचा जड आवाज: ‘आर्व्हिड लिंडग्रेन मदतीची वाट पाहत होते. व्हर्ना नोवोत्नी बसमधून उतरून निघून गेल्या.’ शेवटी माझा फोटो, तोंड अर्धवट उघडं असलेला.

पत्रपेटीत रोज त्याचीच पत्रकं येतायत, मोठी, गुळगुळीत कागदाची. काल आमच्या बेकरीतली बाई ‘कोलाची’, ते जॅम भरलेले गोड पाव, बांधून देताना माझ्याकडे बघेना. पस्तीस वर्षं मी तिच्याकडून कोलाची घेते.

खाली बारीक अक्षरात लिहिलंय, ‘ऑनेस्ट प्रेअरी नेबर्स’. प्रामाणिक शेजारी! कोण शेजारी? मी चौकशी केली. पत्ता म्हणजे दुसऱ्या राज्यातली एक टपालपेटी. संस्था एप्रिलमध्ये जन्मली. पैसा कुणी दिला हे त्यांना वीस जूनला जाहीर करावं लागेल, आणि मतदान त्याच्या तेरा दिवस आधी, सात जूनला आहे. त्यांनी तारखा बघूनच खर्च सुरू केलाय. आधी मारायचं, नाव नंतर सांगायचं, आणि हे सगळं कायद्यात बसतं. नर्सेसच्या मागणीबद्दल त्या जाहिरातीत एक शब्द नाही. तिच्या बाजूने नाही, विरुद्धही नाही.

मी टॉडकडे गेले. म्हटलं, हे तुझ्यासाठी चाललंय, थांबव. तो कळवळून म्हणाला की अशा बाहेरच्या गटांशी उमेदवाराने संगनमत करायला कायद्याने बंदी आहे, म्हणून तो त्यांच्याशी बोलू शकत नाही. मी म्हटलं, कायदा गुपचूप बोलू नको म्हणतो, चारचौघांत मोठ्याने बोलायला तुला कोण अडवतंय? तो घड्याळ बघायला लागला.

तू काही करू नकोस. कुणी फोन केला तर बोलू नकोस, आणि इकडे येऊ तर नकोसच. माझं ऐक.

व्हर्ना

---

मॅग्डालेना
२५ मे

व्हर्ना,

तुझं मी ऐकणार नाही.

ती जाहिरात मी वाचनालयाच्या संगणकावर बघितली. बाबांचं ते हसू मी काढलं होतं. ‘बाबा, वर बघा’ असं मी म्हटलं आणि त्यांनी बघितलं, तो क्षण आहे तो. आमचं भांडण होण्याआधीचा शेवटचा रविवार. त्याचं त्यांनी हे केलं.

केल्सीला फोन लावला. तीन वेळा वाजला आणि चौथ्यांदा तो नंबर अस्तित्वात नाही असा संदेश ऐकू आला. परवानगीचा कागद काढून वाचला. ‘कोणत्याही स्वरूपात, कोणत्याही हेतूसाठी’ असं त्यात लिहिलं होतं, मीच वाचलं नव्हतं. पुस्तकं सांभाळणारी बाई मी, आणि एक पान वाचलं नाही.

तू मला मोठेपणाने लांब ठेवते आहेस, मला कळतं. पण ते माझे बाबा आहेत. तू त्यांना सोडून गेली नाहीस हे सांगू शकेल असं मीच एक माणूस आहे. एकोणतीस तारखेला पहाटे गाडीने निघते. आधी त्या टीव्ही केंद्रात जाईन, मग तुझ्याकडे जेवायला.

ट्रूडी

---

हार्लन फॉल्स, नदीकाठचं मोटेल
३१ मे

व्हर्ना,

तुझ्या घरापासून सहा गल्ल्या दूर बसून हे पत्र लिहिते आहे. जेवायला येणार नाही. मोटेलच्या मालकाचा मुलगा हे तुझ्या दारात टाकेल.

आज सकाळी मी टीव्ही केंद्रात गेले. तिथले व्यवस्थापक ओस्टरमन सभ्य माणूस आहेत, मला पाणी दिलं. मी म्हटलं, ही जाहिरात खोटी आहे, बंद करा. ते म्हणाले, उमेदवाराची स्वतःची जाहिरात असती तर कायद्याने त्यांना ती आहे तशी दाखवावीच लागली असती. बाहेरच्या गटाची मात्र ते नाकारू शकतात, खोटी असेल तर. मी म्हटलं, मग नाकारा. मी त्या माणसाची मुलगी आहे, आणि व्हर्नाने त्यांचा हात शेवटच्या श्वासापर्यंत सोडला नव्हता, असं शपथेवर लिहून देते.

मग त्यांनी फाइलमधून जाहिरातवाल्यांनी दिलेला एक कागद काढला. पुरानंतरच्या चौकशी अहवालातलं एक पान, त्यात एक ओळ पिवळ्या रंगाने रंगवलेली. ‘मृत्यूच्या वेळी मुख्य नर्स बसमध्ये नव्हत्या. त्या सुमारे वीस मिनिटांपूर्वी उतरल्या होत्या.’ खाली साक्ष कुणाची, तर व्हर्ना नोवोत्नी. सही तुझी. तुझी सही मला दुसऱ्या कुणाची वाटेल का?

ओस्टरमन हळूच म्हणाले, “बाई, म्हणूनच आम्हाला ती खोटी म्हणता येत नाही.”

मी तिथे लहान मुलीसारखी उभी होते. दोन दिवस गाडी चालवून आले, तुझ्यासाठी शपथ घ्यायला आले, आणि ती शपथ खोटी ठरली असती. चौदा वर्षं, व्हर्ना. बाबांच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात मी तुला विचारलं होतं, त्यांच्याजवळ कुणी होतं का? तू म्हणालीस, त्यांचा हात माझ्या हातात होता. त्या एका वाक्यावर मी जगले. ‘येऊ नकोस’ का म्हणत होतीस ते आता कळलं.

उद्या दुपारी निघते.

ट्रूडी

---

हार्लन फॉल्स
१ जून, सकाळ

ट्रूडी,

निघण्याआधी हे वाच. मी खाली गाडीत बसले आहे, वर येणार नाही.

बसमध्ये सेहेचाळीस माणसं होती, नर्स मी एकटी. दुसरी नर्स दोन महिन्यांपूर्वीच कमी केली होती, खर्च वाचवायला. पुलाच्या रस्त्यावर पाच तास अडकलो होतो. तुझ्या बाबांचा ऑक्सिजन संपत आला. दुसरं नळकांडं उघडलं तर रिकामं. फोन बंद. मागे अर्ध्या मैलावर अग्निशमनची गाडी रांगेत दिसत होती. मी त्यांना म्हटलं, “आर्व्हिड, वीस मिनिटं कळ काढा, मी आलेच.” ते म्हणाले, “जा, मी कुठे चाललोय?” मी कमरेइतक्या पाण्यातून गेले आणि नळकांडं खांद्यावर घेऊन आले. तोवर त्यांचं कपाळ खिडकीच्या काचेला टेकलं होतं. अंग गरम होतं. त्यांच्याजवळ कुणी नव्हतं. आश्रमाची स्वयंपाकीण बसच्या मागच्या बाजूला इतरांना सांभाळत होती.

मग मी त्यांचा हात हातात घेतला आणि निवारा केलेल्या शाळेच्या व्यायामशाळेत पोचेपर्यंत दोन तास सोडला नाही. तुला जे सांगितलं ते एवढंच खरं होतं. चौकशीत मी सगळं सांगितलं, विचारलं नव्हतं तेही. तुला मात्र सांगता आलं नाही. तळघरात तू माझ्याकडे ज्या चेहऱ्याने बघत होतीस त्या चेहऱ्याला मी ‘कुणी नव्हतं’ असं म्हणू शकले नाही. नंतर दरवर्षी तू ते वाक्य मला परत लिहायचीस आणि दरवर्षी ते जास्त अवघड व्हायचं.

मी चुकले. माफ कर असं म्हणत नाही, ते तुझं तू ठरव. पण त्या अहवालाचं पुढचं पान काउंटीच्या कचेरीत कुणालाही बघता येतं. ते मात्र बघून जा.

व्हर्ना

---

मोटेल
२ जून

व्हर्ना,

पुढचं पान बघितलं.

‘मुख्य नर्स ऑक्सिजन आणण्यासाठी उतरल्या होत्या. बसमध्ये दुसरी नर्स असती तर हा मृत्यू टळण्याची शक्यता होती. आश्रमातील अपुरा कर्मचारीवर्ग हे प्रमुख कारण.’ पिवळ्या ओळीच्या लगेच पुढे, पान उलटलं की पहिलंच वाक्य. म्हणजे ज्याने ती ओळ रंगवली त्याने हे वाचलं होतं. वाचून ते पान बाजूला काढून ठेवलं. बाबा ज्या कारणाने गेले ते कारण दूर करायला तू उभी राहिलीस, आणि तुला पाडायला त्यांनी बाबांनाच वापरलं. मी कचेरीच्या पायरीवर बसले आणि रागारागाने ते पान पुन्हा वाचलं.

मी ते पान घेऊन परत ओस्टरमनकडे गेले. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. म्हणाले, वकिलांकडे पाठवतो, आठवडाभरात कळेल. मी म्हटलं, आठवडाभरात मतदान होऊन गेलेलं असेल. ते म्हणाले, “मला माहीत आहे.” त्यांच्या मागच्या पडद्यावर तेव्हा तीच जाहिरात चालू होती.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. तो जायला वेळ लागेल. पण तो माझा राग आहे. तो मी कुण्या टपालपेटीला वापरायला देणार नाही.

शनिवारी जत्रेच्या मैदानावर तुझी आणि मेरिफिल्डची एकत्र सभा आहे, प्रश्न विचारता येतात, असं कळलं. मी थांबते आहे. माझ्यासाठी जागा धरू नकोस, आणि मी काय बोलणार ते विचारू नकोस.

ट्रूडी

---

हार्लन फॉल्स
२२ जून

प्रिय ट्रूडी,

सभेनंतर तू मला न भेटता गेलीस, ते बरोबरच होतं. मी भेटले असते तर रडले असते आणि पेपरवाल्यांनी फोटो काढला असता.

पण लिहायचं राहिलंय. तू उठून उभी राहिलीस तेव्हा मला वाटलं, आता ही माझं खोटं सांगणार. आणि तू ते सांगितलंसही. तीनशे लोकांसमोर सांगितलंस की व्हर्नाने मला चौदा वर्षं खरं सांगितलं नाही आणि मी तिच्यावर रागावले आहे. मग तू दोन्ही पानं वाचलीस, एकापाठोपाठ एक, घाई न करता. आणि टॉडला म्हणालीस, “मेरिफिल्ड, तो माझ्या वडिलांचा चेहरा आहे. ‘तो काढा’ असं इथे, या माइकवर म्हणा. त्यांना फोन करायची गरज नाही, ते ऐकतायत.”

बेकरीवाली माझ्या मागच्या रांगेत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

आणि तो काय म्हणाला? सर्व बाजूंच्या सर्वच नकारात्मक जाहिरातींबद्दल त्याला खेद वाटतो. सर्व बाजूंच्या! माझ्या बाजूला कोणती होती? मी आणि माझ्या भाचीच्या गॅरेजमध्ये छापलेली पत्रकं. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण हुर्योही उडवली नाही. आपल्याकडची माणसं सभ्य आहेत ना. त्या सभ्यपणाचाच धंदा होतो.

निकाल तुला कळलाच असेल. सहाशे अकरा मतांनी हरले. सभेला तीनशे माणसं होती, आणि ती जाहिरात प्रत्येक घरात दिवसातून दहा वेळा. ओस्टरमनच्या वकिलांचं पत्र आठ जूनला आलं: जाहिरात दिशाभूल करणारी असू शकते, पुन्हा दाखवली जाणार नाही. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी!

आणि परवा वीस तारखेला नावं जाहीर झाली. जवळजवळ सगळा पैसा एकाच ठिकाणचा, क्विलहिल आणि तिचे दोन मालक. आमच्या पेपरात ती बातमी आतल्या पानावर आली, मक्याच्या भावाखाली. मी वाचली आणि मला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही, याचाच जास्त संताप आला.

मी केलेल्या अभिनंदनाला उत्तर म्हणून टॉडने कार्ड पाठवलंय. त्यात लिहिलंय, ‘आपली लढत सन्मानाने झाली.’ ते मी चुलीत घातलं असतं, पण माझी शेगडी विजेची आहे.

व्हर्ना

---

मॅग्डालेना
५ जुलै

प्रिय व्हर्ना,

आमच्या गावातल्या वकिलाकडून ‘प्रामाणिक शेजाऱ्यां’ना नोटीस पाठवली होती, बाबांचा फोटो मागे घ्या आणि जाहीर माफी मागा म्हणून. आज पाकीट जसंच्या तसं परत आलं. टपालपेटी पंचवीस जूनला बंद झाली. संस्था विसर्जित. माफी मागायला कुणी उरलेलंच नाही. वकील म्हणतो, तुम्ही परवानगी दिली होती, तेव्हा तसाही खटला लंगडा आहे. पुढच्या निवडणुकीला तीच माणसं दुसऱ्या नावाने येतील, तिथे दुसरी केल्सी असेल आणि माझ्यासारखी दुसरी मूर्ख.

मी वाचनालयात एक काम सुरू केलंय. दर गुरुवारी, अनोळखी माणसाने फोटो किंवा सही मागितली तर काय विचारायचं, ते सांगते. पहिल्या गुरुवारी चार जण आले. चौघांनाही असे फोन येऊन गेले होते.

एक सांगायचंय. बाबा ‘जा, मी कुठे चाललोय’ म्हणाले, हे तू आधी सांगितलं असतंस तर मला जास्त आवडलं असतं. ते अगदी त्यांचंच बोलणं आहे. हात धरण्याची गोष्ट कुणाचीही असू शकते, हे वाक्य दुसरं कुणी बोललं नसतं. चौदा वर्षं मला ते मिळालं असतं. एवढाच राग आता शिल्लक आहे.

पुढे काय करणार आहेस? घरी बसून टीव्ही बघते आहेस असं लिहू नकोस.

तुझी,
ट्रूडी

---

हार्लन फॉल्स
१९ ऑगस्ट

प्रिय ट्रूडी,

टीव्ही भाचीला देऊन टाकला.

राज्याकडे स्वयंसेवकांची एक यादी असते. वृद्धाश्रमात न सांगता जायचं, राहणाऱ्यांच्या तक्रारी ऐकायच्या, लिहून वर पाठवायच्या. पगार नाही, पण दार उघडावंच लागतं. मी प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली. काल पहिली फेरी होती आणि मी क्विलहिलचा आमचाच जुना आश्रम मागून घेतला. दारावरच्या मुलीने ओळखपत्र बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कुणाला तरी फोन करायला आत गेली. मी थांबले नाही.

चौथ्या खोलीत श्रीमती आल्मा ह्रुश्का. वय एक्याण्णव, पाय चालत नाहीत, जीभ चालते. मला बघताच म्हणाल्या, “तू ती टीव्हीवरची. माणूस बसमध्ये टाकून गेलेली.”

मला वाटलं होतं, आता असं कुणी म्हणालं तरी लागणार नाही. लागलं. दोन महिने झाले, संस्था नाही, टपालपेटी नाही, आणि जाहिरात इथे या खाटेवर जिवंत आहे. दोन्ही पानं माझ्या पिशवीत होती. काढली नाहीत.

मी म्हटलं, “हो, मी उतरले होते. ऑक्सिजन आणायला.”

“आणलास?”

“आणला. पण उशीर झाला होता.”

त्यांनी विचारलं, निवडून आलीस का? मी म्हटलं, नाही. “मग इथे कशाला आलीस?”

चादर ओली होती, मला वासावरूनच कळलं होतं. उशाच्या, नर्सला बोलवायच्या घंटेचा लाल दिवा लागलेला होता, आणि व्हरांड्यात कुणी नव्हतं. मी खुर्ची ओढली, वही उघडली आणि म्हटलं, “आल्माबाई, ही घंटा तुम्ही किती वाजता दाबली, ते आधी सांगा.”

तुझी,
व्हर्ना